दुकानावर मराठी पाटी, पानावर इंग्रजी

दुकानांवर मराठी पाट्या हव्यात म्हणून महाराष्ट्रात किती वर्षं रान उठलं, ते सांगायला नको. काचा फुटल्या, २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांनाच दोन महिन्यांची मुदत देऊन पाट्या बदलायला सांगितलं. पाटीवरची देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, इथपर्यंत नियम आला. चांगलं झालं. पण आपण स्वतः बनवलेल्या मराठी वेबपानांची पाटी कोण तपासणार? त्यातल्या कितीतरी पानांवर आजही ‘मी इंग्रजी आहे’ असं लिहिलेलं असतं, आणि ते कुठल्या परप्रांतीय व्यापाऱ्याने लिहिलेलं नाही.

वेबपानाच्या अगदी सुरुवातीला एचटीएमएल नावाचाच टॅग असतो. त्यात ‘लँग’ असा एक गुणधर्म लिहायचा असतो, म्हणजे या पानाची भाषा कोणती ते सांगायचं. मराठीसाठी ‘एमआर’, इंग्रजीसाठी ‘ईएन’. दोन अक्षरांचं काम. आता व्हीएस कोडमध्ये एचटीएमएलची नवी फाइल उघडा, एक उद्गारचिन्ह टाइप करा आणि टॅब दाबा. पानाचा अख्खा सांगाडा आपोआप येतो. त्यात लँग आधीच भरलेलं असतं: ईएन. नवशिका मुलगा खाली मराठी मजकूर टाकतो आणि वरची ओळ तशीच सोडतो.

माझी भाची गेल्या वर्षी अशाच एका क्लासला जात होती. तिच्या पानावर मी ते ईएन दाखवलं, तर म्हणाली, “मामा, ते तसंच राहू द्यायचं असतं, सरांनी सांगितलंय.”

राहू दिलं तर काय बिघडतं? दिसत नाही, हीच तर अडचण आहे. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो माणूस स्क्रीन रीडर वापरतो. पान वाचायला कोणता आवाज लावायचा, हे स्क्रीन रीडर बहुतेक वेळा लँग बघून ठरवतो. पान म्हणालं मी इंग्रजी, की इंग्रजी आवाज देवनागरीसमोर उभा राहतो, आणि मग कधी शब्द गाळतो तर कधी त्यांचा चोथा करतो. ज्यांना दिसतं त्यांचंही नुकसान आहे. हिंदी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा ल वेगळे, श वेगळे; पण युनिकोडमध्ये दोन्हींना क्रमांक एकच. काही चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवलेली असतात. त्यातलं मराठी वळण बाहेर यायचं तर पानाने आपण मराठी आहोत हे सांगावं लागतं. ते सांगितलं नाही, की आपलेच लोक ‘मराठीत असा ल नसतो’ म्हणून फॉन्टवाल्याला शिव्या घालतात.

ही चूक मुलांची नाही. शिकवणाऱ्यांच्या लेखी एचटीएमएल म्हणजे जिन्याची पहिली पायरी, पटकन ओलांडायची. दोन तासांत टॅग संपवा, मग सीएसएस, मग जावास्क्रिप्ट, मग रिॲक्ट, मग नोकरी. भाचीच्या वहीत लिहिलं होतं: ‘एच१ = सगळ्यांत मोठं अक्षर, एच६ = सगळ्यांत लहान अक्षर.’ हे शिकवणं नव्हे, दिशाभूल आहे. एच१ म्हणजे पानाचं मुख्य शीर्षक, एच२ म्हणजे त्याखालचं उपशीर्षक. अक्षर किती मोठं दिसावं ते सीएसएस ठरवतं. स्क्रीन रीडर वापरणारे लोक शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत पान चाळतात, जसे आपण अंगठ्याने स्क्रोल करतो. तुम्ही नुसतं ठळक दिसावं म्हणून मधेच एच३ टाकलंत, तर त्यांच्यासाठी अनुक्रमणिकाच फाडलीत.

‘एचटीएमएल ही प्रोग्रामिंगची भाषाच नाही’ असं नाक मुरडून सांगणारे प्रत्येक क्लासात, प्रत्येक ग्रुपवर भेटतात. खरंच नाही. ती खुणा करण्याची भाषा आहे: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हे बटण. मजकुरातला कुठला भाग काय आहे हे ओळखून त्याला नाव देणं, हे संपादकाचं काम आहे. साहित्य वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या मुलांना ते इंजिनिअरांपेक्षा लवकर जमायला हवं. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी केलेल्या टॅगांच्या पहिल्या वर्णनात जेमतेम अठरा घटक होते. त्यातले परिच्छेदाचा पी, यादीचा एलआय, एच१ हे आजही जसेच्या तसे चालतात. ज्या जिन्याची घाई आहे, त्याच्या वरच्या पायऱ्या दर चार-पाच वर्षांनी बदलतात.

मी भाचीला एकच पान करायला सांगितलं: आजीचं वांग्याचं भरीत. जिन्नस लिहिताना कुठली यादी घ्यायची, ठिपक्यांची यूएल की आकड्यांची ओएल? वांगी, कांद्याची पात, मिरच्या, लसूण, शेंगदाणे हे कसेही मागेपुढे झाले तरी चालतं, म्हणून यूएल. कृतीला मात्र ओएल, कारण भाजायच्या आधी वांगं ठेचता येत नाही. फोटोला ऑल्ट लिहायची वेळ आली तेव्हा तिने ‘फोटो’ असं लिहिलं. म्हटलं, आजीला दिसत नसतं तर तू तिला काय सांगितलं असतंस? मग आलं: ‘काड्यांच्या जाळावर भाजलेली, साल काळी पडलेली वांगी.’ एक दुपार गेली. हे क्लासच्या दोन तासांत का बसलं नाही, मला कळत नाही. आणि ही रडकथा आपल्यापुरतीही नाही. वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख मुख्यपानं तपासते. २०२४ मध्ये त्यातल्या ९५.९ टक्के पानांवर अपंगांची अडवणूक करणारी काही ना काही चूक सापडली. नेहमी आढळणाऱ्या चुकांमध्ये ऑल्ट नसलेली चित्रं आहेत, आणि पानाची भाषाच न सांगणं हीसुद्धा आहे. म्हणजे त्या सांगाड्यातलं ईएन पुसून जागा रिकामी ठेवणं हा काही उपाय नव्हे.

आता कोणी म्हणेल, हे सगळं एआय लिहून देतं, शिकायचं कशाला? देतं की. पण ज्याला लँग माहीत नाही तो एआयच्या पानावरचं ईएन कसं पकडणार? शिवाय ब्राउझर फार सोशिक असतो. टॅग बंद करायला विसरा, चुकीचा टॅग वापरा, तो कुरकुर न करता पान दाखवतो. नवशिक्याला त्यामुळे धीर येतो. पण चूक वर्षानुवर्षं लपूनही राहते.

सुरुवातीला कसलं अ‍ॅप विकत घ्यायला नको, लॅपटॉपही नको. फोनवर साधा टेक्स्ट एडिटर उघडा, फाइलीच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन एचटीएमएल लिहा आणि ब्राउझरमध्ये उघडा. पहिल्या पानावर ‘हॅलो वर्ल्ड’ नको. स्वतःच्या घरातलं काहीतरी लिहा, आणि त्याच्याही आधी लँगमध्ये एमआर लिहा.

आणि कॉम्प्युटर हाताशी आला की हाच लेख तिथे उघडून कंट्रोल आणि यू दाबा. वरच्या दोन-तीन ओळींत लँग सापडेल. तिथे ईएन असेल तर संपादकांना कळवा. मीही लेखासोबतच्या मेलमध्ये विचारलं आहे.