मुतखडा आधी मोजा, मग उपाय ठरवा

अंजनगाव सुर्जीत कुणाला मुतखडा निघाला की दोन सल्ले घरबसल्या मिळतात. पहिला : रोज सकाळी पानफुटीची पाने चावून खा, कुळथाचे पाणी प्या, खडा विरघळून जाईल. दुसरा : अमरावती गाठा, लेझरने काढून टाका, कटकट मिटवा. दोन्ही सल्ल्यांत आपुलकी असते. सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र दोघांनीही पाहिलेला नसतो.

पहिल्या पक्षाचे म्हणणे आधी नीट ऐकून घेतले पाहिजे. अंजनगाव हे पानमळ्यांचे आणि पानपिंपरीचे गाव. इथली पिंपरी औषधासाठीच विकली जाते, तेव्हा वनस्पतीवरचा इथला विश्वास पोकळ नाही. ‘शेजाऱ्याचा खडा पानफुटीने पडला’ हेही खोटे नसते. खडा खरोखर पडलेला असतो. प्रश्न श्रेयाचा आहे. अमेरिकी आणि युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2007 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. मूत्रनलिकेतले 5 मिलिमीटरपर्यंतचे सुमारे 68 टक्के खडे आपोआप पडतात आणि 5 ते 10 मिलिमीटरचे सुमारे 47 टक्के, असे त्यात आढळले. म्हणजे पाला न खाता नुसते थांबलेल्या शेजाऱ्याचा खडाही बहुधा पडलाच असता.

विरघळण्याचे म्हणाल तर सर्वाधिक आढळणारा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा कोणत्याही पाल्याने वा गोळीने विरघळत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. युरिक ॲसिडचा खडा विरघळू शकतो, पण त्याला पोटॅशियम सायट्रेटसारखे औषध लागते आणि लघवीची आम्लता वरचेवर तपासावी लागते.

या वादात आयुर्वेदाचा दाखला हमखास दिला जातो. तो पुरता द्यावा. सुश्रुतसंहितेने मुतखड्याची विभागणी स्पष्ट केली आहे : कोवळा असेल तर औषध, वाढलेला असेल तर शस्त्र. शस्त्र चालवण्यापूर्वी अधिपतीची परवानगी घ्यावी, कारण त्यात जिवाची जोखीम आहे, हेही तिथेच सांगितले आहे. पंधरा मिलिमीटरचा खडा पोटात ठेवून वर्षभर काढा पीत राहणे सुश्रुताच्या नावावर खपवता येणार नाही.

याहून घातक समज म्हणजे दुखणे थांबले की खडा गेला. खडा नलिकेत तसाच अडकून असला तरी कळ ओसरू शकते. वर मूत्रपिंड फुगत राहते आणि हळूहळू निकामी होते. म्हणून खडा पडताना हाती लागला नसेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी हवीच.

आता दुसरा पक्ष. यंत्रे आली आहेत आणि ती खरोखर उपकारक आहेत. 7 फेब्रुवारी 1980 रोजी म्युनिकमध्ये बाहेरून ध्वनिलहरींचा मारा करून पहिल्यांदा माणसाच्या मूत्रपिंडातला खडा फोडला गेला. त्याआधी 1976 साली स्वीडनमध्ये पाठीतून छोटे छिद्र पाडून खडा काढण्याचे तंत्र सिद्ध झाले होते. पण यंत्र आहे म्हणून प्रत्येक खड्यावर चालवायचे, हे शास्त्र नव्हे. मूत्रपिंडात निवांत पडलेल्या, न दुखणाऱ्या चार मिलिमीटरच्या खड्यावर नुसती नजर ठेवणे हाही रीतसर उपचार आहे.

निर्णय रिपोर्टातल्या एका ओळीत दडलेला असतो : ‘उजव्या नलिकेच्या खालच्या तोंडाशी 6 मिमी खडा, मूत्रपिंडाला किंचित सूज.’ आकार, जागा आणि सूज या ओळीत कळते. खडा किती कठीण, हे सीटी स्कॅन सांगतो. असा खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आलेला, ताप नाही, वेदना गोळीने आवरते, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण चार आठवडे थांबता येते. नलिकेत वर अडकलेला मोठा खडा असेल तर दुर्बीण आणि लेझर. मूत्रपिंडातला दोन सेंटिमीटरपर्यंतचा, फार कठीण नसलेला खडा लहरींनी फुटू शकतो. त्याहून मोठ्याला बहुधा पाठीतूनच वाट करावी लागते. थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर थांबायचे नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

पैशापायी उपचार अडवून धरण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. मुतखड्याच्या शस्त्रक्रिया तीत आहेत. शस्त्रक्रियेनंतर आत स्टेंट ठेवला असेल तर तो काढायची तारीख कार्डावर लिहून घ्यावी. कापूस वेचणीच्या धांदलीत ती तारीख निघून जाते, मग त्या नळीवरच खड्याचे थर चढतात आणि दुसरी, अधिक अवघड शस्त्रक्रिया ओढवते.

खडा निघाला म्हणजे आजार संपला, असेही नाही. पडलेला खडा गाळणीत धरून प्रयोगशाळेत द्यावा. पुढचे पथ्य त्यावर ठरते. दूध बंद करण्याचा घरगुती हुकूम तर उलटाच पडतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या पाच वर्षांच्या अभ्यासात, कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा ते नेहमीइतके घेऊन मीठ आणि मांस कमी करणाऱ्यांना खडे कमी झाले. तिथल्याच 1996 च्या अभ्यासात, भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी 12 टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, इतरांपैकी 27 टक्क्यांना.

आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात ही पाण्याची गोष्ट सर्वांत कठीण आहे. खारपाणपट्ट्यातले विहिरीचे पाणी घशाखाली उतरत नाही, उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात आणि शेतात आडोसा नाही म्हणून मजूर बाया दिवसभर पाणी टाळतात. पानफुटीची रोपे वाटणाऱ्यांनी आणि मुतखड्याची शिबिरे भरवणाऱ्यांनी आधी धुऱ्यावर गोड्या पाण्याची कॅन आणि बायांसाठी आडोसा यांची सोय करावी. वर्षाकाठी किती खडे टळतील, ते या दोन गोष्टींवर ठरणार आहे.