कोंड्याची राख करू नका

तिरोड्यात आम्हा कापड व्यापाऱ्यांचा धंदा धानावर चालतो. बांधीत पिकले तर उधारी वसूल होते, नाही तर वही तशीच पुढच्या साली. म्हणून जमिनीची चिंता आम्हालाही आहे.

एक क्विंटल धान भरडले की सुमारे २० किलो कोंडा निघतो. तो पूर्ण जाळला तर पांढरी राख उरते. कमी हवेत जाळला तर काळा कोळसा मिळतो. यालाच बायोचार म्हणतात. त्याच्या बारीक छिद्रांत पाणी व अन्नद्रव्ये टिकतात, मातीतील जिवाणूंना आसरा मिळतो.

मात्र नुसता कोळसा शेतात टाकू नये, तो सुरुवातीला नत्र धरून ठेवू शकतो. आधी शेणखतात मुरवावा. हलक्या, आम्लधर्मी जमिनीत गुण अधिक दिसतो. तरीही प्रथम एकाच बांधीत वापरून पाहावे.

लोहार आणि वेल्डर बंधूंनो, हे काम तुमचे आहे. पत्र्याच्या डब्याला छिद्रे पाडून वर धुराडे बसवा. आत विस्तव, भोवती कोंड्याचा ढीग. कोंडा काळा होताच पाणी मारून विझवावा. भट्टीचा दाम माफक ठेवा. शेतकरी सावरला तरच आपली दुकाने सावरतील.