त्या पापण्या पणजोबांच्या नाहीत

फॅमिली ग्रुपवर सध्या पणजोबांचे पुसट फोटो एआयने 'क्लिअर' करून टाकायची लाट आली आहे. फोटो सुरेख येतात, अगदी पापणीचा केसन्‌केस दिसतो. माझं म्हणणं एवढंच, की त्या पापण्या पणजोबांच्या नाहीत. आणि हे कळायला एआय यावं लागत नाही. एम-थ्रीच्या पेपरसाठी आपल्यातल्या अनेकांनी घोकलेलं उष्णतेचं समीकरण पुरतं.

फूरिएने ते १८०७ मध्ये मांडलं, पुस्तक १८२२ मध्ये आलं. तापलेल्या सळईवरचा तापमानाचा चढउतार म्हणजे साइन लाटांची बेरीज. प्रत्येक लाट आपापली विरते. दहापट बारीक लाट शंभरपट वेगाने. म्हणजे बारीकसारीक तपशील सगळ्यात आधी जातो. फोटो धूसर होतो तेव्हाही बहुतेक हेच घडतं. उलट जायचं तर त्या मेलेल्या लाटा प्रचंड पटीने वाढवाव्या लागतात, आणि त्यांच्याबरोबर कॅमेऱ्याचा नॉइजही तेवढाच फुगतो. हाती चेहऱ्याऐवजी मुंग्या येतात.

मग एआयला कसं जमतं? डिफ्यूजन मॉडेलची कल्पना २०१५ ची. चित्रात थोडा थोडा नॉइज मिसळत जायचं. तसतशी चित्रांची संभाव्यता उष्णतेसारखीच पसरत जाते. परतीची वाट मात्र असंख्य दुसऱ्या चित्रांवरून शिकायची. गणित म्हणून मला हे फार देखणं वाटतं. पण हरवलेला तपशील समीकरणातून परत येत नाही, तो दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून उसना आणलेला असतो.

घरच्या अल्बमसाठी चालेल की! एमआरआयचं काय? ते यंत्र मुळात फोटो काढतच नाही, शरीराचं फूरिए रूपांतर मोजतं. २००६ मध्ये कांदेस, रोमबर्ग आणि टाओ यांनी दाखवलं, की चित्र पुरेसं 'विरळ' असेल तर थोड्या मोजमापांतूनही ते उभं करता येतं. तिथे अट स्पष्ट लिहिलेली आहे आणि सिद्धताही आहे. न्यूरल नेटवर्क वापरून स्कॅन पूर्ण केला, की तशी हमी सहसा मिळत नाही. छोटी गाठ पुसली जाऊ शकते, किंवा नसलेली उमटू शकते.

म्हणून स्कॅन असो वा कोर्टात दाखवलेलं सीसीटीव्ही फुटेज, कच्चं मोजमाप सोबत जोडलेलं हवं, आणि कुठला भाग मोजलेला व कुठला मॉडेलने भरलेला हे चित्रावरच दिसायला हवं. डॉक्टरांना हे विचारायला गणिताची पदवी लागत नाही.