शॉकअप : हवेचा की स्प्रिंगचा?

या स्तंभात आपण बहुधा ठेवी, विमा आणि कर्जाचे हप्ते यांचा विचार करतो. या वेळचा विषय वरकरणी वेगळा आहे; परंतु व्यवहाराचे सूत्र तेच. नांदेड आणि लातूर येथील दोन परिचित कुटुंबांतून एकच विचारणा आली : विजेवर चालणारी डोंगरी सायकल घ्यायची आहे, तर तिच्या मागच्या चाकाचा शॉकअप हवेचा असावा की स्प्रिंगचा? अशा चांगल्या सायकलीची किंमत लाखांच्या घरात जाते. त्यामुळे प्रश्न तरुणांचा असला तरी त्यामागे वडीलधाऱ्यांची एक रास्त शंका आहे : एवढी रक्कम घातलेली वस्तू दोन वर्षांत अडगळीत तर जाणार नाही ना?

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. आडत बाजारातून तूर, सोयाबीन घेऊन निघणारा मालट्रक सहसा लोखंडी पाट्यांवर चालतो. त्याच रस्त्याने पुण्याकडे जाणारी महागडी आरामबस हवेच्या फुग्यांवर. व्होल्वोच्या बसगाड्या 2001 मध्ये भारतात आल्या, तेव्हापासून हा फरक आपल्या पाठीच्या कण्याला चांगलाच ठाऊक आहे. सायकलीतही तसेच आहे. भार पेलण्याचे काम एकात पोलादी स्प्रिंग करते, दुसऱ्यात नळकांड्यात कोंडलेली हवा. मात्र दोन्हींत आणखी एक भाग असतो, तो तेलाचा. दबलेला शॉकअप एकदम उसळू नये म्हणून तेल त्याला आवर घालते. स्वस्त सायकलींना पुष्कळदा तेलाविना नुसती स्प्रिंग लावलेली असते. ती चाकाला उसळवते, आवरत नाही. तिचा विचार येथे नाही.

हवेच्या शॉकअपचा मोठा गुण म्हणजे त्याचा लवचीकपणा. स्वार बदलला की छोट्या शॉकपंपाने दाब कमी-अधिक करता येतो. तो वजनाला हलका असतो आणि जितका अधिक दबेल तितका अधिक ताठ होत जातो. त्यामुळे मोठ्या खड्ड्यात तळाला आपटण्याचे भय कमी. परंतु तो देखभाल मागतो. त्याची सीले घट्ट बसलेली असतात. धुळीने ती झिजतात आणि हवा हळूहळू निसटते. काही उत्पादक दर 50 तासांच्या वापरानंतर हवेच्या कप्प्याची सफाई करण्यास सांगतात. दर रविवारी दोन तास सायकल चालवणाऱ्याला हा मुक्काम सहा महिन्यांत गाठतो. शिवाय उन्हाचाही परिणाम होतो. सकाळी 27 अंशांत 200 पीएसआय भरलेली हवा दुपारी 42 अंशांत सुमारे 210 पर्यंत जाते.

स्प्रिंगचे गणित सरळ आहे. ती बारीक खडीवरही सहज हलते, त्यामुळे चाक जमिनीला धरून राहते. तिच्यात हवा नसल्याने गळती नाही. मात्र तिच्या तेलाच्या भागालाही ठरावीक काळाने दुरुस्ती लागतेच. तिचा दोष असा, की ती एकाच वजनासाठी निवडलेली असते. स्प्रिंगवर पौंड प्रतिइंच असा आकडा छापलेला असतो; स्वाराच्या वजनात मोठा फरक पडला तर स्प्रिंगच बदलावी लागते. ती सुमारे अर्धा किलो जड असते, परंतु 24 किलोच्या विजेच्या सायकलीत हा भार जेमतेम दोन टक्के. आणि चढावर मोटार साह्याला असतेच.

आता आपला मुलूख पाहू. लांबलचक उतारावर हवेचा शॉकअप तापतो आणि त्याची चाल बदलते, हा स्प्रिंगच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला. तो हिमालयात किंवा सह्याद्रीच्या घाटात लागू पडेल. उदगीरजवळचे हत्तीबेट, औशाकडील खरोसा लेण्यांचा परिसर किंवा बालाघाटच्या टेकड्या येथील उतार आखूड आहेत. आपल्याकडे खरी अडचण तापण्याची नाही, ती काळ्या मातीच्या धुळीची आणि दुरुस्ती जाणणारा कारागीर जवळ असण्या-नसण्याची.

म्हणून दोन कुटुंबांना उत्तरेही दोन मिळाली. नांदेडच्या घरी सायकल दोघे भाऊ वापरणार. एकाचे वजन 55 किलो, दुसऱ्याचे 85. तेथे हवेचाच शॉकअप योग्य. लातूरचे गृहस्थ चाळिशीचे. ते एकटेच चालवणार, वजन स्थिर, आणि दुकान सोडून देखभालीसाठी हेलपाटे घालायला सवड नाही. त्यांच्यासाठी स्प्रिंग.

व्यापारी वाचकांना हे बँकेच्या भाषेत सहज पटेल. हवेचा शॉकअप म्हणजे कॅश क्रेडिट : हंगामानुसार मर्यादा वापरता येते, पण दरमहा मालसाठ्याचे विवरण द्यावे लागते. स्प्रिंग म्हणजे मुदत कर्ज : एकदा हिशेब नीट बसवला की हप्ता ठरलेला, मात्र मध्येच गरज बदलली तर अडचण. दोन्ही चांगले, विवरण न देणाऱ्याने मात्र कॅश क्रेडिट घेऊ नये.

पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात. सायकलीचा सांगाडा स्प्रिंगला मानवतो का, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे. काही सांगाडे हवेसाठीच आखलेले असतात. शॉकअपची दुरुस्ती विक्रेता स्वतः करतो की पुण्याला किंवा हैदराबादला पाठवतो, त्याला किती दिवस व किती खर्च, हे विचारावे. हवेचा घेतल्यास शॉकपंप सोबतच घ्यावा. पेट्रोलपंपावरची हवा यासाठी नाही. शिरस्त्राण व पाठपिशवीसह सायकलीवर बसून शॉकअप किती दबतो ते मोजावे : 65 मिलिमीटरच्या चालीत 20 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे 30 टक्के. स्प्रिंग त्याहून फार दबत असेल तर कडी आवळत बसू नये, अधिक ताठ स्प्रिंग मागावी. आणि मोटार 250 वॉट व वेग ताशी 25 किलोमीटर या मर्यादेबाहेर असेल, तर ती कायद्याने सायकल राहत नाही. नोंदणी व परवाना लागतो.

वडिलांच्या शंकेचे उत्तर यातच आहे. वस्तू अडगळीत जाते ती बहुधा महाग असल्याने नव्हे, तर तिची देखभाल कोण करणार हे खरेदीच्या दिवशी न ठरल्याने. मुलाने वर्षाचा देखभालखर्च स्वतः कागदावर मांडून दाखवावा, आणि तो पटला तर वडिलांनी आनंदाने होकार द्यावा.