भाग्याचा विमा आणि दिलेला शब्द

विमा म्हटला की मृत्यू, आग, चोरी, जहाजाचे बुडणे अशा आपत्ती आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु दुसऱ्या कोणाचे भाग्य फळफळले, तर त्यामुळे आपल्याला पडणारा भुर्दंड टाळण्यासाठीही विमा उतरवता येतो, ही गोष्ट पुष्कळांच्या गावी नसते. गोल्फच्या स्पर्धांत अशा विम्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. जपानमध्ये तर खेळाडू स्वतःच असा विमा उतरवतात. कारण तेथे असा विक्रमी फटका साधणाऱ्याने सोबत्यांना मेजवानी आणि भेटवस्तू द्याव्यात असा शिरस्ता आहे आणि तो खर्च भाग्यवंताला चांगलाच महागात पडू शकतो.

हा विक्रमी फटका म्हणजे ‘होल-इन-वन’. सुमारे दीडशे-दोनशे यार्डांवरून मारलेला पहिलाच चेंडू सव्वाचार इंच व्यासाच्या खळग्यात जाऊन पडणे, हा त्याचा अर्थ. स्पर्धेचे आयोजक वा प्रायोजक एखाद्या ठरावीक खळग्यापाशी कोरी मोटार उभी करतात आणि जो कोणी एका फटक्यात चेंडू खळग्यात घालील त्याला ती मिळेल, असा फलक लावतात. भारतात कंपन्यांनी भरवलेल्या स्पर्धांतही अशी आमिषे आता नवीन राहिलेली नाहीत. हा खेळ आपल्याकडे मूठभरांचा आहे, हे खरे. पण या मोटारीच्या निमित्ताने जो प्रश्न उपस्थित होतो तो मूठभरांचा नाही. जाहीरपणे दिलेल्या शब्दाची किंमत काय आणि ती कोणी मोजायची, हा तो प्रश्न होय.

प्रथम या व्यवहारामागचे गणित पाहू. हौशी खेळाडूने असा फटका साधण्याची शक्यता साधारणपणे साडेबारा हजारांत एक, तर व्यावसायिकाच्या बाबतीत ती अडीच ते तीन हजारांत एक धरली जाते. शंभर हौशी खेळाडूंनी एका खळग्यावर प्रत्येकी एक फटका मारला, तर अशा सव्वाशे स्पर्धांत सरासरी एकदाच मोटार द्यावी लागेल. मोटारीची किंमत २५ लाख रुपये धरली, तर एका स्पर्धेच्या वाट्याला येणारा संभाव्य बोजा अवघा २० हजार रुपयांचा ठरतो. विमा कंपनी त्यात आपला खर्च आणि नफा मिळवून हप्ता ठरवते. एवढी रक्कम भरली की आयोजक निश्चिंत होतो आणि २५ लाखांच्या मोटारीचा झगमगाट त्याला थोडक्यात मिळतो.

यावर कोणी म्हणेल, हा तर सरळसरळ जुगार झाला. हा आक्षेप वरवर वाटतो तितका पोकळ नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लोक परक्या माणसांच्या आयुष्यावर विमे उतरवत आणि त्यांच्या मरणाची वाट पाहत. तो प्रकार थांबवण्यासाठी १७७४ साली कायदा करावा लागला. ज्या घटनेत आपला खरा हितसंबंध नाही तिच्यावर उतरवलेला विमा म्हणजे निव्वळ पैज, हे तत्त्व तेव्हापासून पक्के झाले. परंतु गोल्फ स्पर्धेच्या आयोजकाचा हितसंबंध खराच असतो. त्याने मोटार देण्याचे बंधन आधीच पत्करलेले असते. किंबहुना या विम्याने एक नैतिक लाभही होतो. विमा नसता तर खेळाडूचा चेंडू चुकावा असेच यजमानाला मनोमन वाटले असते. विमा असल्यामुळे तो पाहुण्याच्या यशाला मोकळेपणाने टाळ्या वाजवू शकतो.

खेळाडू आणि आयोजक यांच्यातील व्यवहारही पैज ठरत नाही. अमेरिकेत नेवाडा राज्यातील एका हॉटेलने पन्नास सेंट भरून असा फटका साधणाऱ्याला पाच हजार डॉलर देऊ केले होते. खेळाडूने फटका साधला, हॉटेलने पैसे नाकारले. १९६१ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूच्या बाजूने निकाल दिला. पैजेत दोन्ही पक्ष जिंकण्या-हरण्याच्या भरीस पडलेले असतात. बक्षीस देणारा मात्र ते स्वतः जिंकण्याच्या स्पर्धेत नसतो, असा त्याचा इत्यर्थ होता. आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याचे ३० वे कलमही पैजेचे करार रद्दबातल ठरवते. म्हणून बक्षीस आणि पैज यांतील हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

तेव्हा दोष विम्यात नाही. तो आहे विम्याच्या अटींचा आडोसा घेण्यात. विमापत्रात कलमे बरीच असतात: अंतर अमुक यार्डांहून कमी नसावे, फटका पाहणारे साक्षीदार हजर असावेत, खेळाडूंची संख्या ठरलेलीच असावी, व्यावसायिक खेळाडू नसावेत. विमा कंपनीने अशा अटी घालणे योग्यच आहे. हप्ता त्यांवरच ठरतो. परंतु या अटी आयोजक आणि विमा कंपनी या दोघांमधल्या आहेत. फलक वाचून फटका मारणाऱ्या खेळाडूचा त्यांच्याशी काय संबंध?

दक्षिण डाकोटा राज्यातील एका प्रकरणात हाच प्रश्न होता. एका स्पर्धेत एका हौशी महिला खेळाडूने फटका साधला, पण तिला मोटार नाकारण्यात आली. कारण सांगितले गेले ते असे, की विमापत्राप्रमाणे अंतर किमान १७० यार्ड हवे होते आणि महिलांसाठी चेंडू ठेवण्याची जागा त्याहून जवळ आखलेली होती. ही जागा तिने आखली नव्हती आणि ही अट तिला कोणी सांगितली नव्हती. १९९९ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मोटारीवरचा तिचा हक्क मान्य केला.

पेनसिल्व्हानियातील प्रकरण तर अधिकच उद्बोधक आहे. मे १९८७ मध्ये एका खेळाडूने नवव्या खळग्यापाशी मोटार आणि फलक पाहिला, फटका मारला आणि चेंडू खळग्यात गेला. मोटार होती दोन दिवसांपूर्वी झालेल्या एका धर्मादाय स्पर्धेसाठी. विक्रेता ती आणि फलक हलवण्यास विसरला होता. न्यायालयाने १९८९ साली सांगितले की, विक्रेत्याच्या मनात काय होते याला महत्त्व नाही, फलकावर काय होते याला आहे. एका न्यायाधीशांनी हा जुगारी करार असल्याचे भिन्न मत नोंदवले, पण बहुमत खेळाडूच्या बाजूने राहिले.

हे परदेशी निकाल आपल्या कायद्याला परके नाहीत. आपल्या करार कायद्याचे ८ वे कलम सांगते की, प्रस्तावातील अटींची पूर्तता करणे म्हणजेच त्या प्रस्तावाचा स्वीकार. कायद्याच्या विद्यार्थ्याला १८९३ च्या विधिवृत्तातील कार्लिल खटला पाठ असतो. ‘धूम्रगोळी’ वापरूनही ज्याला इन्फ्लुएन्झा होईल त्याला शंभर पौंड, ही जाहिरात केवळ फुशारकी होती, हा कंपनीचा बचाव तेथे टिकला नाही. १९१३ च्या लालमन शुक्ल खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने, बक्षिसाची माहिती नसताना केलेल्या कामाबद्दल त्यावर हक्क सांगता येत नाही, असा निर्णय दिला. न्यायाची ही दुसरी बाजू आहे. फटक्यापूर्वी जे खेळाडूच्या डोळ्यांपुढे होते तोच करार. नंतर कपाटातून काढलेला कागद त्यात घुसडता येणार नाही.

असल्या कडकपणामुळे धर्मादाय स्पर्धांना प्रायोजक मिळणार नाहीत, असे काही जण म्हणतील. पण येथे मागणी तरी कोणती आहे? सकाळी फीत लावून अंतर मोजावे, साक्षीदार नेमावा आणि अट असेल तर ती फलकावर ठळक अक्षरांत लिहावी, एवढीच. याला काही लाखांचा खर्च येत नाही. ज्याला एवढेही जमत नाही, त्याने आपल्या गलथानपणाची भरपाई खेळाडूकडून का मागावी?

चुकीचा भार कोणी उचलावा, याचा एक धडा २०१५ साली पश्चिम व्हर्जिनियातील ग्रीनब्रायर स्पर्धेने दिला. अठराव्या खळग्यात पहिला ‘होल-इन-वन’ झाल्यास तेथील प्रेक्षकांना प्रत्येकी शंभर डॉलर आणि दुसरा झाल्यास पाचशे डॉलर, असे जाहीर झाले होते. पहिल्याच दिवशी जॉर्ज मॅकनील आणि जस्टिन थॉमस या दोघांनी ते साधले. त्या दिवशी अंतर १३७ यार्ड होते, विमापत्रातले किमान अंतर त्याहून अधिक. विमा कंपनीने हात वर केले आणि वाद न्यायालयात गेला. परंतु प्रेक्षकांना पैसे मिळाले. आधी शब्द पाळावा, मग आपापसांत भांडावे, हाच योग्य क्रम होय.

आणखी दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करता येणार नाही. पहिली, जाहीर आकड्याची. पुढे व्यावसायिक झालेले जेसन बोन यांनी १९९२ साली अलाबामात विद्यार्थिदशेत दहा लाख डॉलरचे बक्षीस जिंकले. ते वर्षाला पन्नास हजार याप्रमाणे वीस वर्षांत मिळायचे होते. असे हप्ते वाईट नव्हेत, पण वीस वर्षांनी मिळणारा डॉलर आजच्या डॉलरइतका नसतो. हप्त्यांची गोष्टही आकड्याच्या शेजारीच छापलेली असावी. दुसरी गोष्ट विमा विकणाऱ्याच्या पात्रतेची. अमेरिकेत विनापरवाना असा विमा विकून विजेत्यांना तोंडघशी पाडल्याची प्रकरणे घडली आहेत. आपल्याकडे नोंदणीकृत विमा कंपनीखेरीज कोणाला हा धंदा करता येत नाही. विमापत्र घेण्यापूर्वी आयोजकाने ती नोंदणी पाहून घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

गोल्फच्या मैदानावर पाऊल न ठेवणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनालाही हा विषय दूरचा नाही. साबणाच्या वेष्टनातील कूपन, दिवाळीच्या खरेदीवरची मोटार, आणि जाहिरातीच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढी ‘अटी लागू’ ही अक्षरे त्याच्या रोजच्या परिचयाची आहेत. द्यायचे नाही अशा इराद्याने बक्षीस जाहीर करणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पण द्यायचा इरादा होता, फक्त विमा कंपनीने पैसे दिले नाहीत, ही सबब त्याहून सभ्य दिसते आणि म्हणूनच अधिक फसवी असते. विमा हा शब्द देणाऱ्याचा आधार आहे, शब्दातून पळण्याची वाट नव्हे. ज्याने फलक लावला त्यानेच मोटार द्यावी. विमा कंपनीकडून त्याला काय मिळते, हा त्याचा प्रश्न आहे.