यंत्राचे निदान आणि पुण्याचा धडा

वैद्यकाच्या क्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रवेश केला आहे आणि तिला आता उंबरठ्यावरून परत पाठविता येणार नाही, हे मान्य करूनच पुढचा विचार व्हावयास हवा. छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयाचा संशय संगणकाने वर्तवावा, यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपुरती मान्यता दिली. ज्या गावी क्ष-किरणतज्ज्ञ फिरकतही नाही, तेथे ही सोय नाकारणे म्हणजे रुग्णालाच नाकारणे होय. तेव्हा खरा प्रश्न उरतो तो असा की, यंत्राची चूक कोणी, कोठे आणि केव्हा पकडावयाची?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी पुणेकरांना फार दूर जाण्याचे कारण नाही. येथील के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ मध्ये पुणे परिसरातील सहा खेड्यांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे संशोधक त्यात सहभागी होते. येथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. पण येथील बालकांचे स्नायू जितके कमी होते, तितकी चरबी कमी नव्हती. पुढे २००४ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंची आणि वजन यांवरून काढलेला निर्देशांक दोघांचा एकच, २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. युरोपीय देहावर बेतलेली मोजपट्टी भारतीय देहास लावली, तर मधुमेहाच्या वाटेवरचा माणूसही निर्धोक ठरू शकतो, हे त्या दोन आकड्यांनी दाखवून दिले.

मोजपट्टीचे जे झाले, तेच यंत्राचेही होऊ शकते. ज्या रुग्णांच्या नोंदींवर यंत्र शिकते, त्यांचेच जग त्याला ठाऊक असते. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गातून अवयव निकामी करणारा विकार, आधीच ओळखण्यासाठी अमेरिकेतील शेकडो रुग्णालयांत वापरात असलेली एक संगणकप्रणाली मिशिगन विद्यापीठात स्वतंत्रपणे तपासली गेली. तेव्हा तिने ६७ टक्के रुग्ण हेरलेच नाहीत, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. थायलंडमध्ये मधुमेहींच्या नेत्रपटलाची छायाचित्रे यंत्राकडून तपासण्याचा प्रयोग ११ दवाखान्यांत झाला. २०२० च्या वृत्तान्तानुसार सुमारे २१ टक्के छायाचित्रे यंत्राच्या पसंतीस उतरली नाहीत. कित्येक दवाखान्यांत त्यासाठी लागणारी अंधारी खोलीच नव्हती. अशा वेळी यंत्राचे काही बिघडत नाही. रोजंदारी बुडवून पुन्हा तज्ज्ञाकडे खेटे घालावे लागतात ते रुग्णाला.

म्हणूनच या धोक्यांचा अभ्यास कोणत्याही एका देशास एकट्याने करता येणार नाही. एका खंडात उघडकीस आलेली चूक दुसऱ्या खंडात वेळीच कळली पाहिजे. परंतु सहकार्यही दोन प्रकारचे असते. एकात येथून रुग्णांच्या नोंदी जातात आणि तयार यंत्र विकत येते. दुसऱ्यात प्रश्न येथे विचारला जातो, माप येथे घेतले जाते आणि निष्कर्षावर येथील संशोधकाचेही नाव असते. पुण्याचा अनुभव दुसऱ्या प्रकारचा आहे आणि आग्रह त्याचाच धरावयास हवा.

यावर कोणी म्हणेल की, प्रत्येक यंत्र येथे नव्याने तपासावयाचे तर विलंब होईल. विलंब होईल हे खरे. पण यंत्राने चुकून निरोगी ठरविलेला क्षयरोगी खोकत घरी परततो, तेव्हा होणारा विलंब त्याहून कितीतरी घातक असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या विषयाची सहा तत्त्वे सांगितली, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये नैतिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्या स्वागतार्हच आहेत. मात्र कागदावरील सूचना चुका पकडत नाहीत. त्यासाठी माणसे नेमावी लागतात. सार्वजनिक रुग्णालयाने यंत्र स्वीकारण्यापूर्वी ते आपल्याच रुग्णांवर, त्यांच्या संमतीने पडताळावे. वापर सुरू झाल्यावर त्याच्या चुकांची नोंदवही ठेवावी आणि रुग्णांची नावे वगळून ती देशी-परदेशी संशोधकांस सारखीच खुली करावी. निदानाखाली सही डॉक्टरचीच असावी.

१८६७ पासूनचे ससून रुग्णालय, १९८८ मध्ये स्थापन झालेली सी-डॅक ही संगणकसंस्था आणि संख्याशास्त्र शिकविणारे विद्यापीठ या एकाच शहरात आहेत. त्यांनी एकत्र येण्यास मुहूर्ताची वाट पाहू नये. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभा असलेला माणूस आपले चित्र वाचणारे यंत्र कोठे शिकले, हे विचारू शकत नाही. त्याच्या वतीने ते विचारणे, हे या विद्यानगरीचे कर्तव्य आहे.