मोठा पंप बसवावा का?



आमचे शेजारी ट्रकमालक आहेत. परवा ते मला विचारू लागले, "सर, इंजिन नव्याने बांधतोय. क्रँक घासली, बेअरिंगे नवी घातली. मिस्त्री म्हणतो, जादा तेल फेकणारा मोठा ऑइल पंप बसवा, म्हणजे काळजी नको. बसवू का?" कर्ज काढून इंजिन बांधणाऱ्याला बेअरिंग पुन्हा जाणे परवडणारे नसते. मी माझे मत स्पष्ट सांगितले : बसवू नका.

पंप दाब तयार करतो, अशी बहुतेकांची समजूत असते. वास्तविक पंप फक्त तेल ढकलतो. दाब निर्माण होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. रंगपंचमीची पिचकारी आठवा. तोंड बारीक असेल तर दट्ट्या रेटायला जोर लागतो. तोंड काढून टाकले की तोच दट्ट्या सहज सरकतो. इंजिनातले हे बारीक तोंड म्हणजे क्रँक आणि बेअरिंग यांमधील फट. नव्या इंजिनात ती जेमतेम केसाच्या जाडीएवढी असते. दाब तोच ठेवला, तर तिच्यातून निसटणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट! जुन्या इंजिनाचा काटा खाली येतो तो बहुधा याच कारणाने.

आता बेअरिंगे नवी, फटी पुन्हा बारीक. मग जादा तेल जाणार कोठे? दाब मर्यादेपलीकडे गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ते तेल आल्या वाटेने परत फिरते. तेल उगाच तापते, पंप फिरवणाऱ्या दात्यांवर ताण पडतो. उलट झिजलेल्या इंजिनात मोठा पंप घातला, तर काटा तेवढा वर येतो, फट तशीच राहते. (व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर सरकवणारे महाभागही आहेत, त्यांच्याविषयी न बोललेले बरे.) मुद्दाम सैल फटी ठेवून बांधलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी.

मात्र काटकसर म्हणून जुनाच पंप बसवणेही मला मान्य नाही. तेल आधी पंपातून जाते, फिल्टर त्याच्यापुढे असतो. झिजलेल्या बेअरिंगांचा चुरा जाळीतून सुटला, तर तो प्रथम पंपाचीच चाके खरवडतो. तेव्हा ठरलेल्या मापाचाच, पण नवा पंप घ्यावा. चाके व झाकण यांमधील फट फीलर गेजने मोजावी, आणि बसवण्यापूर्वी पंपात तेल भरावे. कोरडा पंप हवाच घुसळत राहतो, आणि तेवढा वेळ नवी बेअरिंगे तेलावाचून फिरतात.

शेजाऱ्यांनी माझे ऐकले. मिस्त्री अजून माझ्यावर नाराज आहे.